लोकशाहीची झीज आणि आपली ज्ञातिसंस्था

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या पहिल्या दिवशी व्याख्यान व्हावे, दुसऱ्या दिवशी सर्वसाधारण सभा भरावी आणि सहभोजनाने समारोप व्हावा, असा आपल्या मंडळाचा जुना शिरस्ता आहे. व्याख्यानाचा विषय बहुधा कोणास न दुखविणारा असतो. यंदा कार्यवाहांनी विषयाची निवड आमच्यावर सोपविली आणि आम्ही लोकशाहीच्या झिजेचा विषय निवडला. त्याचे कारण आरंभीच सांगून टाकतो. उद्याच्या सभेपुढे दोन ठराव येत आहेत. पदाधिकाऱ्यांची मुदत तीन वर्षांऐवजी पाच वर्षांची करावी आणि निवडणुकीचा खटाटोप टाळून ज्येष्ठांच्या समितीने नावे सुचवावीत, असा पहिला ठराव आहे. येत्या सार्वत्रिक निवडणुकीत कार्यकारी मंडळ ज्याचे नाव सांगेल त्यास सर्व ज्ञातीने एकगठ्ठा मते द्यावीत, असा दुसरा आहे. हे ठराव मांडणारी मंडळी आमच्या स्नेहातली आहेत. त्यांनी संस्थेसाठी वेचलेला काळ आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. तथापि स्नेह राखूनही मतभेद सांगता येतो, किंबहुना स्नेह असेल तेथेच तो सांगण्यात अर्थ असतो.

लोकशाही बुडाली असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रणगाडे आणि बंदूकधारी शिपाई येतात. असेही घडते. परंतु पुष्कळ देशांत ती याहून निराळ्या मार्गाने गेली आहे. वाळवी लागलेल्या चौकटीवर रंग तसाच असतो, दारही उघडते-मिटते, आणि एके दिवशी हाताचा धक्का लागताच लाकडाचा भुगा होतो. या प्रकाराचे सर्वांत बारकाईने अभ्यासिले गेलेले उदाहरण म्हणजे १९१९ ते १९३३ या काळातील जर्मनी. ते उदाहरण आम्ही घेतो, कारण तो देश अडाणी नव्हता. विद्यापीठे, वृत्तपत्रे, ग्रंथालये, कामगार संघ, यांपैकी कशाचीच तेथे वाण नव्हती. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, तेथे संस्था आणि मंडळे गावोगावी भरभराटीस आलेली होती.

पहिल्या महायुद्धात पराभव झाल्यावर १९१९ च्या जानेवारीत जर्मनीत राष्ट्रीय सभेची निवडणूक झाली. तीत स्त्रियांनीही मत दिले. शेजारच्या फ्रान्समध्ये हा अधिकार स्त्रियांना १९४४ साली मिळाला, हे लक्षात घ्यावे. वायमार येथे तयार झालेली राज्यघटना त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमलात आली. व्यक्तिस्वातंत्र्य, भाषणस्वातंत्र्य, सभास्वातंत्र्य, सारे तीत होते. त्याबरोबरच ४८ वे कलमही होते. सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात आली असता राष्ट्राध्यक्षाने हुकूम काढावे आणि काही मूलभूत हक्क तात्पुरते तहकूब करावेत, अशी मुभा त्या कलमाने दिली होती. पहिले राष्ट्राध्यक्ष फ्रीड्रिश एबर्ट यांनी बंडाळीच्या आणि चलनसंकटाच्या काळात ते पुष्कळदा वापरले. एबर्ट प्रजासत्ताकाचे निष्ठावंत सेवक होते, यात शंका नाही. परंतु सज्जनाच्या हातून पडलेली सवय सज्जनाबरोबर जात नाही. ती गादीवर मागे राहते आणि पुढचा माणूस तीवर बसतो.

१९३० च्या मार्चमध्ये हेरमान म्युलर यांचे पाच पक्षांचे संयुक्त मंत्रिमंडळ कोसळले. कशावरून? बेकारांच्या विम्याची वर्गणी मजुरीच्या शेकडा साडेतीन असावी की चारच्या आसपास असावी, यावरून. एका बाजूस मजुरांचे पाठीराखे होते, दुसऱ्या बाजूस मालकांचे. एवढ्याशा अंतरावर तडजोड करण्याऐवजी दोघांनाही आपापल्या अनुयायांपुढे ताठ मानेने उभे राहणे अधिक मोलाचे वाटले. त्यानंतर त्या देशात संसदेच्या बहुमतावर उभे राहिलेले मंत्रिमंडळ पुन्हा चालले नाही. नवे चॅन्सेलर हाइनरिख ब्र्युनिंग यांचा आर्थिक हुकूम राइशस्टागने, म्हणजे तेथील लोकसभेने, जुलैमध्ये नामंजूर केला. तेव्हा राइशस्टागच विसर्जित करून तो हुकूम पुन्हा काढण्यात आला. सप्टेंबरच्या निवडणुकीत १२ जागांच्या नाझी पक्षास १०७ जागा मिळाल्या. १९३० साली राइशस्टागने ९८ कायदे केले होते. १९३२ साली तिने अवघे ५ केले, आणि राष्ट्राध्यक्षांच्या हुकमांची संख्या साठाच्या आसपास गेली. सभागृह होते, सभासद होते, त्यांचे भत्ते चालू होते. काम मात्र दुसरीकडे होत होते. बाहेर साठ लाख माणसे बेकार होती, आणि सभागृहातील भाषणांनी आपली चूल पेटत नाही असे त्यांना वाटू लागले, तर त्यांस सर्वस्वी दोष देता येत नाही.

१९३३ च्या ३० जानेवारीस हिटलर चॅन्सेलर झाला. त्याच्या आधीच्या नोव्हेंबरातील निवडणुकीत त्याच्या पक्षास मतदारांपैकी एक तृतीयांश मते मिळाली होती. बहुमत त्यास मिळालेले नव्हते. फ्रांत्स फॉन पापेन प्रभृती प्रतिष्ठित मंडळींनी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांचे मन वळवून त्यास त्या जागी बसविले. मंत्रिमंडळात त्याच्या पक्षाची आणखी दोनच माणसे आहेत, तेव्हा हा गृहस्थ आपल्या मुठीत राहील, असा त्यांचा हिशेब होता. २७ फेब्रुवारीस राइशस्टागची इमारत जळाली. दुसऱ्याच दिवशी व्यक्तिस्वातंत्र्य, वृत्तपत्रस्वातंत्र्य, सभा भरविण्याचा हक्क, टपालाची गुप्तता, सारे तहकूब करणारा हुकूम निघाला. आधार तोच होता, ४८ वे कलम! २३ मार्च रोजी, कायदे करण्याचा आपला अधिकार सरकारच्या हाती देणारे विधेयक खुद्द राइशस्टागने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी मंजूर केले. कम्युनिस्ट सभासदांस सभागृहात येऊच दिले नव्हते. विरोधी पडलेली ती ९४ मते सोशल डेमोक्रॅट पक्षाची होती, आणि सभोवती गणवेशधारी गुंड उभे असता ओटो वेल्स यांनी त्या पक्षातर्फे विरोधाचे भाषण केले. कॅथलिकांच्या सेंटर पक्षाने आपल्या धर्मसंस्था आणि शाळा सुरक्षित राहतील या आश्वासनावर अनुकूल मते दिली. चार महिनेही लोटले नाहीत तोच, जुलैच्या ५ तारखेस, त्या पक्षास स्वतःचे विसर्जन करावे लागले. १४ जुलैच्या कायद्याने देशात एकच पक्ष उरला. वायमारची घटना रीतसर रद्द अशी कधीच झाली नाही. तशी गरजही पडली नाही.

हा इतिहास आपल्यापैकी अनेकांस ठाऊक असेल. त्यातील जी गोष्ट ज्ञातिसंस्थेने विशेष मनावर घ्यावी, ती आता सांगतो.

विल्यम शेरिडन ॲलन या अमेरिकन इतिहासकाराने १९६५ साली एका लहानशा जर्मन गावाचा इतिहास प्रसिद्ध केला. ते गाव म्हणजे नॉर्टहाइम, वस्ती सुमारे १०,००० होती. एवढ्याशा गावात दीडशेहून अधिक मंडळे होती! व्यायामाची, गायनाची, माजी सैनिकांची, नेमबाजीची, व्यावसायिकांची, धर्मादायाची. इतकी मंडळे असलेल्या गावात लोकशाही मुरलेली असावी असे आपण म्हणू. परंतु ॲलनने दाखविले ते असे की, यांतील पुष्कळशी मंडळे वर्गावर्गांत विभागलेली होती. कामगार कामगारांबरोबर गात, मध्यमवर्गीय मध्यमवर्गीयांबरोबर. एकाच गल्लीत राहणारी माणसे दोन निरनिराळ्या गायनमंडळांत जात आणि एकमेकांस ओळखत ती केवळ अफवांवरून. आपल्या माणसांसाठी झटण्याचे शिक्षण त्या मंडळांनी उत्तम दिले. परक्याशी भांडून पुन्हा एका पंगतीस बसण्याचे शिक्षण दिले नाही. नाझी कार्यकर्त्यांनी प्रत्येक गटाचे गाऱ्हाणे हेरले आणि प्रत्येकास निराळे आश्वासन दिले. दुकानदारास मोठ्या भांडारांचा बंदोबस्त, शेतकऱ्यास कर्जातून सुटका, सुशिक्षितास देशाची प्रतिष्ठा. प्रत्येकाने आपल्यापुरते वचन ऐकले. शेजाऱ्याचे काय होणार, हे विचारणे आपले काम आहे असे थोड्यांसच वाटले.

पुढे १९३३ च्या वसंतात या मंडळांवर पाळी आली. कार्यकारिणीत नाझी बहुमत असलेच पाहिजे, असा आग्रह सुरू झाला. काही मंडळे मोडली, काही एकमेकांत मिसळून टाकली गेली. आणि ज्यू सभासदांस काढून टाकण्याचे काम कित्येक संस्थांनी कोणी कायद्याने भाग पाडण्यापूर्वीच उरकले. जर्मनीतील व्यायामसंस्थांच्या जुन्या आणि प्रतिष्ठित महासंघाने त्याच एप्रिलमध्ये ज्यूंना वगळणारा नियम स्वीकारला. काल ज्याच्या खांद्यास खांदा लावून कसरत केली, त्याचे नाव पटावरून खोडले गेले. आमची समजूत अशी आहे की, त्या संस्थांच्या चिटणिसांपैकी बहुतेक जण मनाने क्रूर नसावेत. बहुमताबरोबर जावे, संस्था वाचवावी, उगाच वाद नको, असेच ते म्हणाले असतील. ही वाक्ये आपण आपल्या सभांत कधी ऐकली नाहीत काय?

जर्मनीतून आता आपल्या देशात यावयाचे, ते ओढूनताणून नव्हे. १९४९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या घटना समितीत आणीबाणीच्या कलमांवर चर्चा चालली असता हरी विष्णु कामत यांनी वायमारच्या याच ४८ व्या कलमाचा दाखला देऊन सावधगिरीचा इशारा दिला होता. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तीन गोष्टी बजावल्या. संविधानाचा मार्ग सोडू नये. कितीही थोर पुरुष असला तरी त्याच्या पायाशी आपले स्वातंत्र्य वाहू नये. आणि राजकीय समतेखाली सामाजिक समता नसेल तर वरचा डोलारा टिकणार नाही. जातींविषयी तर त्यांनी स्पष्टच सांगितले की, त्या माणसामाणसांत दुरावा निर्माण करतात आणि म्हणून राष्ट्रास घातक आहेत. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून हे सांगताना आम्हांस संकोच वाटतो. परंतु हे वाक्य टाळून पुढे जाणे हा अप्रामाणिकपणा झाला असता.

कामतांचे भय निराधार ठरले नाही. १९७५ च्या २५ जून रोजी अंतर्गत अस्वास्थ्याच्या कारणावरून देशात आणीबाणी जाहीर झाली. वृत्तपत्रांवर नियंत्रण आले, विरोधी पुढारी स्थानबद्ध झाले. १९७६ च्या एप्रिलमध्ये, स्थानबद्धास न्यायालयात दादच मागता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा दिला. विरुद्ध पडलेले ते एक मत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे होते. पुढे २०१७ साली त्याच न्यायालयाने जुना निर्णय चुकीचा होता असे सांगून त्या एकाकी मताची थोरवी मान्य केली. आपल्या महाराष्ट्रात १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडास साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण त्या वेळी केंद्रीय मंत्री होते. दुर्गाबाईंना पुढे अटक झाली. परंतु एका संस्थेच्या व्यासपीठाने निराळ्या मतास जागा दिली होती, हे विसरून चालणार नाही. १९७७ च्या मार्चमध्ये मतदारांनी आपला निर्णय दिला, आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अस्वास्थ्य’ हे सैल शब्द जाऊन तेथे ‘सशस्त्र बंड’ हे शब्द आले. झिजलेला दगड पुन्हा बसविता येतो, परंतु त्यासाठी कोणीतरी झीज वेळीच दाखवून द्यावी लागते.

आता उद्याच्या ठरावांकडे वळू.

पहिल्या ठरावाच्या बाजूने तीन कारणे सांगितली जातात. कामास माणसे मिळत नाहीत, निवडणुकीने घराघरांत वितुष्ट येते, आणि चालले आहे ते ठीक चालले आहे. ही कारणे खोटी नाहीत. मागील निवडणुकीनंतर दोन चुलत घरांचे एकमेकांकडील गौरीजेवणाचे आमंत्रण बंद झाले, हे आम्हांसही ठाऊक आहे. आणि वधूवर मेळाव्यास मांडव अपुरा पडतो, पण सर्वसाधारण सभेस गणसंख्या भरत नाही. अर्धा तास तहकूब करून तीच सभा पुन्हा भरवावी लागते आणि हिशेब ‘वाचले असे समजून’ मंजूर होतात, हेही खरे. परंतु आजार हा असता औषध उलटे दिले जात आहे. सभासद येत नाहीत म्हणून त्यांस विचारणेच कमी करावे, तर पुढल्या वर्षी ते का येतील? राइशस्टागचे नेमके हेच झाले. तिच्याकडून काम होत नाही म्हणून काम दुसरीकडे नेले, आणि काम दुसरीकडे गेल्यावर तिच्याकडे पाहण्याचे कोणास कारण उरले नाही.

आमची विनंती निराळी आहे. हिशेबाची प्रत सभेपूर्वी पंधरा दिवस प्रत्येक घरी पोहोचावी. एका पदावर कोणीही लागोपाठ दोन मुदतींहून अधिक राहू नये. ठरावास कोणी विरोध केला, तर तो कारणासह इतिवृत्तात लिहिला जावा. ‘सर्वानुमते’ हा शब्द खरोखरच सर्वांचे एकमत असेल तेव्हाच वापरावा. कार्यकारिणीत आमच्या भगिनींस आणि तिशीच्या आतील तरुणांस केवळ स्वागतसमितीपुरते स्थान नसावे. वितुष्टाच्या भयाने मतभेद दडविणारे घर वितुष्टापासून वाचत नाही. ते वितुष्ट फक्त स्वयंपाकघरात जाऊन बसते.

दुसरा ठराव अधिक गंभीर आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाखाली उमेदवाराने, अथवा त्याच्या संमतीने दुसऱ्याने, जातीच्या नावाने मत मागणे हा भ्रष्टाचार ठरतो. मुंबईतील एका मतदारसंघावरून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या जानेवारीत, मतदाराच्या जातीचा हवाला देऊन केलेले आवाहनही त्यात येते, असा निर्णय दिला. परंतु कायद्याची भीती क्षणभर बाजूस ठेवू. गठ्ठ्यास स्वतःचे मत नसते, गठ्ठा वाहणाऱ्यास असते. आज आपण तो विश्वासू माणसाच्या डोक्यावर देऊ. उद्या त्याचा भाव बाजारात ठरेल. गुप्त मतदानाच्या आडोशास आपल्या घरची सून सासऱ्याहून निराळी असते आणि मुलगा बापाहून निराळा असतो, हा त्या आडोशाचा मोठेपणा आहे. तो आडोसा आपण ठरावाने काढून घेऊ पाहत आहोत. आणि एकदा ‘आपला कोण’ हा एकच प्रश्न विचारण्याची सवय लागली, की ‘शेजाऱ्याचे काय’ हा प्रश्न जिभेवर येत नाही. सेंटर पक्षाने आपल्यापुरती हमी घेतली होती. ती चार महिने टिकली.

मग ज्ञातिसंस्था असावीच कशास, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ती पायरी म्हणून असावी, तट म्हणून नव्हे. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या ज्ञातींच्या वसतिगृहांस आश्रय दिला, तो शिक्षणापासून वंचित राहिलेल्या मुलांस शहरात डोके टेकण्यास जागा मिळावी म्हणून. पुढे १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यास वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहिली व एकत्र जेवली. पहिल्या पायरीवरून दुसरीवर जावयाचे असते. आपले वसतिगृह अद्याप पहिल्या पायरीवर उभे आहे. त्यातील काही जागा येत्या जूनपासून इतर ज्ञातींच्या गरजू विद्यार्थ्यांस द्याव्यात, असा ठराव आम्ही उद्या मांडणार आहोत. तो नापास होण्याचा संभव आम्हांस दिसतो. तसे झाल्यास आमचे एवढेच मागणे राहील की, बाजूने किती मते पडली तो आकडा इतिवृत्तात लिहावा. १९३३ सालच्या ९४ मतांनी काही थांबविले नाही, हे खरे. परंतु युद्ध संपल्यावर त्या देशास पुन्हा लोकशाही उभारावयाची झाली, तेव्हा अभिमानाने मागे वळून पाहावे असे जे थोडे होते, त्यात ती मते होती.

देशाची लोकशाही दिल्लीत सांभाळली जाते असे आपण समजतो. ती तेथे दिसते एवढेच. ती शिकावयाची ती अशा सभागृहात, सतरंजीवर बसून, आपल्याच काकाच्या ठरावास विरोध करून आणि नंतर त्याच काकाच्या शेजारी पंगतीस बसून. उद्या सकाळी दहा वाजता सभा आहे. आमच्या विरुद्ध मत द्यावयाचे असेल तरी अवश्य यावे. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली नाही, तरी आजच्या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही मानू.